कर्जाची वही दोघांची

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी सावकारांच्या दारांत जमले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खतं, गहाणवटी, कोर्टाचे हुकूमनामे हाती लागतील तसे त्यांनी जाळले. दख्खनचे दंगे म्हणून नोंदल्या गेलेल्या त्या उठावामागे अनेक कारणं होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढवला होता, पत आटली होती. पण कागदांवरच एवढा राग का, याचं उत्तर साधं आहे. किती घेतलं, किती फेडलं आणि किती उरलं, हे फक्त सावकाराच्या वहीत असे आणि बहुतेक कुळांना ती वही वाचता येत नसे. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टमध्ये भरलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक हा कर्जदाराचा हक्क मानला गेला तो यामुळेच.

आज तो हक्क बराच पुढे गेला आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं, की हप्त्याच्या कर्जाचं विवरण दर तिमाहीला कर्जदाराला मिळालं पाहिजे आणि ते समजायला सोपं असलं पाहिजे. आजवर मुद्दल किती गेलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले, दर काय, हे सगळं त्यात हवं. म्हणजे वही आता कर्जदाराच्या फोनमध्ये आहे. मुंबईच्या उपनगरांत घरोघरी मला दिसतं ते असं, की ती नवरा-बायको या दोघांपैकी एकाच्याच फोनमध्ये आहे. गृहकर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतात. कायद्याने सहकर्जदार कर्जाला पूर्ण बांधलेला असतो. तरीही मुद्दल किती उरलं हे विचारलं, तर बहुधा एकालाच सांगता येतं. कार्डाची बाकी, पर्सनल लोन, ऑफिसातली उसनवार यांची तर एकमेकांना कुणकुणही नसते.

घाटकोपरच्या भटवाडीतलं एक जोडपं माझ्या जवळच्या परिचयाचं आहे. दोघंही नोकरी करतात, दोघांच्या पगारावर घर चालतं. एका रविवारी, मुलगी क्लासला गेल्यावर, दोघांनी तिच्या जुन्या वहीतली कोरी पानं फाडली आणि आपापली देणी आपापल्या पानावर लिहून पानांची अदलाबदल केली. त्याच्या पानावर क्रेडिट कार्डाचे एक लाख होते. तिच्या पानावर लवकर उचललेली भिशी होती आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मैत्रिणीकडून घेतलेले पंधरा हजार.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू तरी कुठे सांगितलं होतंस?"

कर्जफेडीची सुरुवात मला इथे दिसते. खर्चात काटछाट ही त्यानंतरची गोष्ट. दोघांनीही फसवणूक म्हणून काही लपवलं नव्हतं, समोरच्याला काळजी नको म्हणून लपवलं होतं. पण कर्ज लपवायचं तर हप्ताही लपवावा लागतो, आणि लपवून भरलेला हप्ता नेहमी कमीत कमी असतो. कार्डाचं तेच झालं होतं. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे एक लाखावर ३,५०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. तो दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ५,००० भरत होता. त्यातले ४,१३० व्याजात आणि करात जात, कर्जातून उतरत ते ८७० रुपये. मोठ्या आवाजात हे गणित मांडायला घरातलं दुसरं माणूस लागतं.

वाट तिने सुचवली. त्याच्या कंपनीत कर्मचाऱ्यांची पतसंस्था आहे. सोसायटीचं कर्ज काढायचं तर दोन सहकाऱ्यांना जामीन राहायला सांगावं लागतं, म्हणून तो टाळत आला होता. शेवटी त्याने सांगितलं. एक लाख, बारा टक्क्यांनी, बारा हप्ते. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास पगारातूनच कापून जाणार आणि वर्षाचं व्याज साडेसहा हजारांच्या थोडं वर. कार्डावरची बाकी त्या दिवशी शून्य झाली. जामीन मागण्याचा संकोच मला कळतो, पण त्या संकोचाची किंमत वर्षाला ४२ टक्के असू नये.

नऊ हजार आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न, आणि घरोघरचं बजेट इथेच अन्यायाचं होतं. काटकसर म्हटलं की पहिली कात्री स्वयंपाकघराला लागते. तेल, फळं, दुधाची एक पिशवी. मग भांडी घासायला येणाऱ्या बाईंना नको म्हणायचं, म्हणजे ते काम घरातल्या बाईनेच करायचं. पुढे तिचे दागिने. देणं कुणाचंही असो, तंगी तिच्या वाट्याला येते. म्हणून माझा आग्रह असा, की वहीत प्रत्येक कपातीसमोर ती कुणाच्या अंगावर पडते हेही लिहावं. या दोघांनी लिहिलं. त्याने ऑफिसला जाताना रिक्षा सोडून शेअर रिक्षा धरली, बाहेरचं खाणं दोघांनी मिळून कमी केलं, नवा फोन पुढे ढकलला. सोनं तारण ठेवायचं की नाही हे ती ठरवेल, असं ठरलं, आणि तिने नाही म्हटलं.

गणपतीला गावी जाण्याचा खर्च मात्र त्यांनी कापला नाही. त्यासाठी महिन्याला हजार रुपये वेगळे ठेवले. ऋण काढून सण करू नये हे खरं, पण सण कॅलेंडरवर आधीपासून असतोच. भाच्याचं लग्न, आहेर, गावचं घर शाकारणं यांना 'अचानक खर्च' म्हणणारं बजेट दोन महिन्यांत मोडतं आणि मग कार्ड पुन्हा बाहेर निघतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा सल्ला अशा घरांना फार सहज दिला जातो. तो अपुरा आहे, कारण या शहरात अंथरूणच वीस वर्षांच्या हप्त्यांवर घ्यावं लागतं आणि त्याची लांबी वरून बदलते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. ७ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या नव्या कर्जाचा हप्ता साधारण २३,२५९ रुपये. तोच दर तेवढाच वाढून साडेनऊ झाला, तर ३० लाखांचं एका महिन्याचं नुसतं व्याज २३,७५० होतं, हप्त्याहून जास्त. बँकांनी अनेकांची मुदत निवृत्तीच्या पलीकडे वाढवली, आणि पगारातून तेवढीच रक्कम जात असल्यामुळे पुष्कळांना ते कळलंही नाही. ऑगस्ट २०२३ च्या त्याच आदेशामुळे आता हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला विचारावा लागतो. विचारतील तेव्हा उत्तर दोघांनी मिळून द्यायला हवं, कारण पुढची वर्षं दोघांची जाणार आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरण्याचा दंड नाही. साडेआठ टक्क्यांच्या ३० लाखांवर २६,०३५ च्या हप्त्याबरोबर पहिल्यापासून महिन्याला २,००० जास्त भरले, तर २४० हप्त्यांचं कर्ज २०१ हप्त्यांत संपतं आणि व्याजाचे सहा लाखांच्या आसपास वाचतात.

भटवाडीतल्या दोघांचा सध्याचा वाद याचाच आहे. सोसायटीचं कर्ज फिटलं आणि महिन्याचे नऊ हजार मोकळे झाले. त्याला ते सगळे गृहकर्जात घालायचे आहेत. तिचं म्हणणं, आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत साठू दे. हिशेबाने त्याचं बरोबर आहे, मुदत ठेवीपेक्षा गृहकर्जाचं व्याज जास्त आहे. तरी मी तिच्या बाजूने आहे. त्याची नोकरी खाजगी आहे, घरात म्हातारं माणूस आहे, आणि बँकेत भरलेलं मुद्दल हॉस्पिटलच्या काउंटरवर हवं तेव्हा परत मिळेलच असं नाही. हाताशी पैसा नसताना आलेलं दुखणं सरळ कार्डावर जातं. त्याचा दर ४२ टक्के आहे, आणि साडेआठ टक्क्यांचं व्याज वाचवायला निघालेल्या माणसाने तो आधी धरायला हवा.