नारळी पौर्णिमा आणि बंदीचे दिवस

श्रावणी पौर्णिमेस कोकणकिनाऱ्यावरील कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करितात. आम्ही नारळ वाहत नाही. समुद्र देव नव्हे, देवाची कृती होय. परंतु त्या नारळापूर्वीच्या थांबण्याची थट्टा आमच्यापैकी कोणी करू नये.

पावसाळ्यात पुष्कळ जातींचे मासे अंडी घालतात. म्हणून महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. जुनी मंडळी तर पौर्णिमेपर्यंत थांबत, आणि ती कधी फार लांबते: सन २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली.

उत्पत्ति १:२२ पाहा. फलद्रूप होण्याचा आशीर्वाद देवाने मनुष्य निर्माण करण्यापूर्वी जलचरांस दिला. बंदीत जो चोरून जाळे टाकितो तो त्या आशीर्वादावरच हात टाकितो, मग तो रविवारी उपासनेस पहिल्या ओळीत का बसेना!

तथापि उपाशी घरास नियम सांगणे सोपे असते. आषाढात ज्या कोळ्याच्या घरचे तांदूळ संपले, त्याच्याकडे पंचांनी उपदेशाआधी पायलीभर तांदूळ न्यावेत. होडी मग किनाऱ्यावरच राहील.