नजरेची अहिंसा

माघ वारीहून परतताना नातवाने गाडी इंदापूरच्या पुढे भिगवणकडे वळवली. "आबा, एक रात्र कुंभारगावात राहू. सकाळी रोहित पाहू," म्हणाला. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात त्यांचे थवे उतरतात. पाणी भीमेचेच, पुढे पंढरीला पोचले की आपण त्याला चंद्रभागा म्हणतो. वारी अजून संपली नाही असेच समजून मी हो म्हणालो.

सकाळी होडीत बसलो. नातवाच्या गळ्यात कॅमेरा, त्याला हातभर लांब लेन्स. दीडशे ते सहाशे मिलिमीटरची, वजन दोन किलोच्या आसपास. एवढे ओझे स्टँडवर का ठेवत नाहीस, असे मी विचारले. "होडी हलते आबा. तिच्याबरोबर स्टँडही हलतो. हातात धरले की ते हलणे आपले अंग गिळते." सहाशेची लेन्स हातात धरायची तर शटर सेकंदाच्या सहाशेव्या भागाच्या आत उघडून मिटावे लागते, उडत्या पाखराला हजारावा भागही कमी पडतो, नाहीतर हाताचा कंप फोटोत उतरतो, असे त्याने समजावले. लेन्समध्ये कंप आवरणारी यंत्रणा असते म्हणे, पण ती आपला हात आवरते, पाखराला नव्हे.

त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. डोळा लावला तर सगळे पाणीच थरथरत होते. पंचाहत्तरीचे हात, दुसरे काय दिसणार! मग सप्ताहातली वीणा आठवली. सात दिवस ती जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पहाऱ्याला उभा राहिलेला माणूस पहिल्याच तासात शिकतो की वजन हातांनी पेलायचे नसते. कोपरे बरगड्यांना लावायची, श्वास संथ सोडायचा, अंगाचाच खांब करायचा. तसे केले आणि पाणी थांबले. त्या थांबलेल्या पाण्यात एक रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखल गाळत होता. त्याचा पिवळा डोळासुद्धा दिसला. मी कोण, कुठे आहे, याची त्याला खबरही नव्हती.

ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ग्रंथ कसा सेवावा हे सांगताना माउली कुमुदिनीचा दाखला देतात. ती आपली जागा न सोडता चंद्राला आलिंगन देते. तिच्याच शेजारी भ्रमर आहे, तो पराग घेऊन जातो आणि कमळाच्या पाकळ्यांना कळतही नाही. लांबचे पाहणारी ही लेन्स म्हणजे हेच की, असे वाटून मी खुशीत आलो. पंढरीत गर्दीमुळे पायांपर्यंत पोचता न आलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो, तेही आठवले. आम्हा कीर्तनकारांची ही जुनी खोड. दाखला सापडला की विचार तिथेच बसकण मारतो.

होडीवाले काका नातवाला म्हणाले, "साहेब, उडवायचे का? उडताना पंखांचा रंग दिसतो. सगळ्यांना तोच फोटो पाहिजे असतो."

नातवाने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. नको म्हणालो नाही, कारण मलाही पाहायचे होते.

काकांनी होडी थव्यावर घातली. रोहित जड पक्षी, जागच्या जागी त्याला उडता येत नाही. पाण्यावर धावत जाऊन मग तो उचलतो. शेकडो पाय पाणी तुडवत धावले आणि पंख उघडले, लाल, कडेला काळे. माझ्या तोंडून "विठ्ठल, विठ्ठल" आपोआप निघाले. कॅमेरा एका दमात खटखटत होता. थवा लांब पलीकडच्या उथळ पाण्यात जाऊन उतरला. काका सहज म्हणाले, "सकाळपासून तिसऱ्यांदा उठले." त्यांच्या वडिलांची जमीन या पाण्याखाली गेली. पाण्याने पुढे मासे दिले, आता पाहुणे देते. त्यांना मी काय सांगावे? मागणारे आम्ही होतो.

गोळी तर घातली नाही, मग पाखराचे काय गेले, असे कोणी विचारील. हे पाखरू पाणी गाळून गाळून पोट भरते. पिसांचा गुलाबी रंगसुद्धा त्याला त्या खाण्यातूनच मिळतो. दर उड्डाणाला साठवलेले खर्च होते आणि चरण्याची वेळ जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराला हाकणेही धरले आहे. कायदा लिहिणाऱ्यांना जे सुचले ते गळ्यात तुळशीची माळ असून मला होडीत सुचले नाही.

घरी आल्यावर तेरावा अध्याय काढला. तिथे माउली अहिंसा सांगतात ती पायांची, वाचेची, नजरेची, हातांची अशी एकेक करून. पावलाला दाखला बगळ्याचा दिला आहे. लाट न मोडता, पाण्याची शांती न ढळवता तो जसा पाय टाकतो, तसा अहिंसक पुरुष चालतो. चाळीस वर्षे मी हा दाखला कीर्तनात दिला. पण त्या बगळ्याची नजर भक्ष्यावर आहे हे माउलींनी लपवलेले नाही, आणि मी मात्र ते कधी मोठ्याने वाचले नव्हते. दृष्टांत एकदेशी घ्यावा, पावलापुरताच घ्यावा, हे मलाही ठाऊक आहे. तरी त्या रात्री पाऊल सोडून डोळाच दिसत राहिला. पुढे नजरेची अहिंसा येते. प्राणिमात्रात जी वस्तू भरली आहे तिला आपली नजर रुपेल, या भयाने तो पुरुष बहुधा कोणाकडे पाहतच नाही. नजर रुपते, हे आजवर मला अलंकारासारखे वाटत होते.

माझी अडचण वेगळीच आहे. तोंडून नाम निघाले ते खोटे नव्हते. मग ज्या पाहण्यातून नाम आले, ते पाहणे वाईट कसे म्हणावे?

याचे उत्तर शोधताना तीसएक वर्षांपूर्वीचा एक सप्ताह आठवला. गावाचे नाव सांगत नाही. कीर्तनाआधी यजमानांनी कानात सांगितले होते, पुढे बसलेल्या त्या बाईचे मूल महिन्यापूर्वी गेले. मी त्या रात्री गोरोबाकाकांचे आख्यान लावले. आधी ठरले होते म्हणून लावले, असे आजवर स्वतःला सांगत आलो. पण मूल चिखलात पायाखाली येते तो प्रसंग मी लांबवला. तिच्याकडे पाहत लांबवला. कुठे थांबले की हुंदका फुटतो, कुठे आवाज उतरवायचा, हे सगळे ठाऊक होते. सारा मंडप रडला. टाळकऱ्यांचे डोळे भरले, माझेही भरले. लोक पाया पडले, बिदागीही जास्त मिळाली. ती बाई मधेच उठून गेली. पुढे नामदेवरायांच्या कीर्तनात गोरोबांना हात फुटतात आणि मूल रांगत येते, ते तिने ऐकलेच नाही. काल्याच्या कीर्तनालाही ती दिसली नाही.

मंडपातले अश्रू खरे होते, नाम खरे होते. त्याचे मोल तिने एकटीने दिले.

कॅमेऱ्याला मी दोष देत नाही. चोच उलटी करून चरणारा रोहित त्याच लेन्समधून, त्याच सकाळी, त्याला कळू न देता पाहिला होता. असे फोटो पाहून कितीतरी माणसे तळी आणि पाणथळी जपायला लागली आहेत. नातवाला मी हे सगळे सांगितले, त्या बाईचेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आबा, तुम्ही होडीत नको म्हणाला असता तर मी थांबलो असतो." तेही खरे आहे.

नंतर तो एकटा पुन्हा जाऊन आला. पहाटेपासून काठावर बसला आणि एकच फोटो आणला, जरा हललेला. उडत्या थव्याचा फोटो मात्र सुनेने मोठा करून बैठकीत लावला आहे. आला-गेला वाखाणतो, मीही येता-जाता पाहतो, सुंदर आहे. एवढे पक्षी एकदम कसे उडाले, असे कोणी विचारले तर सांगतो, आम्ही उडवले.