दार लावून घेण्यांत पाप आहे काय?

"ज्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें नाहीं त्यानें काय म्हणून लपवावें?" हा प्रश्न आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत अलीकडे वारंवार ऐकूं येतो. मोबाईलाला कुलूप घालणारा मुलगा बापाला संशयास्पद वाटतो. आधारपत्राची नक्कल देण्यापूर्वीं "कशाकरितां पाहिजे?" असें विचारणारी विधवा कारकुनाला उद्धट वाटते. आपल्या घरांतील दुखणें मंडळीच्या व्हॉट्सॲप गटांत जाहीर करूं नये अशी विनंती करणारें कुटुंब विश्वासांत उणें समजलें जातें. ह्या समजुतीला धर्माचा आधारही देण्यांत येतो. देवाला सर्व कांहीं उघडें आहे, प्रकाशाचीं लेंकरें अंधारांत वावरत नाहींत, मग ख्रिस्ती मनुष्यापाशीं गुप्त असें काय असावें? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर कित्येकांची अब्रू, कित्येकांच्या घामाचा पैसा व कित्येक मुलींचें सुख अवलंबून आहे. म्हणून त्याचा विचार आज करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, लपविणें सर्वच निर्दोष नसतें. आदाम झाडांआड लपला. हनन्या व सप्पीरा ह्यांनीं किंमतीचा कांहीं भाग मागें ठेवून सर्वच दिल्याचें भासविलें. हें पाप झांकणें होय, आणि त्याचा कैवार आम्ही घेत नाहीं. परंतु ज्या प्रभूनें ढोंग्यांची इतकी कानउघाडणी केली, त्यानेंच प्रार्थनेच्या वेळीं खोलींत जाऊन दार लावून घेण्यास सांगितलें, आणि उजव्या हातानें केलेला दानधर्म डाव्या हातासही कळूं देऊं नये असें शिकविलें. तेव्हां लावलेल्या दाराआड नेहमीं पापच असतें असें नाहीं. तेथें भक्ति असूं शकते, दया असूं शकते, दुःखही असूं शकतें. नोहा डेऱ्यांत उघडा पडला असतां हामानें बाहेर जाऊन तें भावांना सांगितलें. त्यानें सांगितलें तें खोटें नव्हतें. तरी दोष त्याच्याच पदरीं आला, आणि पाठमोरे चालत जाऊन बापावर वस्त्र घालणाऱ्या शेम व याफेथ ह्यांना आशीर्वाद मिळाला. जें जें खरें आहे तें तें चव्हाट्यावर मांडण्याचा आपणांस अधिकार आहे, ही समजूत ह्या एका गोष्टीनें निकालांत निघते.

देवाला सर्व दिसतें म्हणून माणसालाही सर्व दिसावें, हें अनुमानही चुकीचें आहे. देव पाहतो तो सांवरण्याकरितां व तारण्याकरितां पाहतो. मनुष्य पुष्कळदां हिणविण्याकरितां, धाक घालण्याकरितां किंवा विकण्याकरितां पाहतो. आजच्या काळीं तर आपलें नांव, जन्मतारीख, फोनचा क्रमांक, आपण काय विकत घेतों व कोठें जातों, ह्या सर्वांचा उघड व्यापार चालतो. जो सर्वज्ञ आहे तोच पूर्ण दयाळूही आहे. म्हणून त्याच्यापुढें आपण निर्भयपणें उघडे होतों. माणसांत हे दोन गुण एकत्र आढळत नाहींत.

हाच वाद आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेंही आला, आणि त्याचा आरंभ महाराष्ट्रांतील एका खेड्यांत झाला. नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं आधार क्रमांकाचें देशांतील पहिलें वांटप झालें. ज्या गरिबापाशीं ओळखीचा कागद नाहीं त्याला ओळख मिळावी, हा हेतु चांगलाच होता. परंतु बोटांचे ठसे व बुबुळांच्या खुणा माणसाला बदलतां येत नाहींत. त्या कोणीं, कशासाठीं व किती काळ ठेवाव्या? कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी ह्यांनीं २०१२ सालीं ह्याबद्दल अर्ज केला. सरकारतर्फें असें सांगण्यांत आलें कीं, खाजगीपणा हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्कच नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं तो मूलभूत हक्क आहे. जीवित व स्वातंत्र्य ह्यांच्या हक्कांतच तो सामावलेला आहे. त्या नवांत नागपूरचे शरद बोबडे होते व धनंजय चंद्रचूड होते. आणीबाणींत, १९७६ सालीं, अटकेंतील मनुष्याला स्वातंत्र्यासाठीं न्यायालयाचें दार बंद करणारा निकाल झाला होता, व बहुमतांतील न्यायाधीशांत चंद्रचूडांचे वडील यशवंतराव हे एक होते. तो निकाल मुलानें ह्याच निर्णयांत चुकीचा ठरविला. पुढें २०१८ सालीं न्यायालयानें आधार योजना कायम ठेविली, परंतु बँकेचें खातें व मोबाईल ह्यांना आधार जोडण्याची सक्ति काढून टाकिली. २०२३ सालीं संसदेनें माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती आईबापांच्या संमतीवांचून वापरूं नये असें त्यांत म्हटलें आहे. तेव्हां "कशाकरितां पाहिजे?" असें विचारणारी ती विधवा उद्धट नसून आपला हक्क बजावीत आहे.

खाम नदीच्या पश्चिमेस आमची ही छावणी वसलेली आहे. छावणी म्हटली कीं पहारा आला, आणि पहारा म्हटला कीं परवलीचा शब्द आला. रात्रीं येणाऱ्याला पहारेकरी तो शब्द विचारी, आणि आपल्याच पलटणीच्या शिपायाला त्याचा राग येत नसे. तो शब्द बाजारांत सांगत फिरणारा शिपाई मनमोकळा म्हणून नांवाजला जात नसे. त्याच्यामुळें झोपलेल्या सोबत्यांच्या गळ्यावर सुरी येई. आज बँकेच्या व मोबाईलाच्या पासवर्डाला मराठींत हेंच नांव आहे, आणि त्याचा धर्मही तोच आहे. फोनवर येणारा ओटीपी हा त्या घटकेपुरता परवलीचा शब्द होय. बँकेचा मनुष्य तो मागत नाहीं. जो मागतो तो बँकेचा नव्हे. तसेंच पैसे पाठविण्यास पिन लागतो, घेण्यास लागत नाहीं. "तुम्हांला पैसे पाठवितों, पिन दाबा" असें जो सांगतो, तो देण्यास आलेला नसून नेण्यास आलेला आहे.

पवित्र शास्त्रांत ह्या विषयाचे धडे पुष्कळ आहेत. हिज्कीया राजा दुखण्यांतून उठला तेव्हां बाबेलचे वकील भेटी घेऊन समाचाराला आले. राजानें आनंदाच्या भरांत त्यांना सोनें, रुपें, सुगंधी द्रव्यें, शस्त्रागार, सर्व कांहीं दाखविलें. जें दाखविलें तें सर्व एके दिवशीं बाबेलास नेलें जाईल, हें त्याला यशया संदेष्ट्यानें कळविलें. आज मुलीच्या लग्नांतील दागिन्यांचीं छायाचित्रें, नव्या घराचे सर्व कोपरे, आणि "आम्ही सहकुटुंब आठ दिवस मुंबईस" ही बातमी अनोळखी लोकांपुढें मांडणारे आपण हिज्कीयाचेच वंशज नाहीं काय?

गिबोनकर शिळ्या भाकरी व फाटके बुधले घेऊन दूरदेशचे प्रवासी बनून आले, आणि यहोशवानें देवाला न विचारतां त्यांच्याशीं करार केला. हल्लींचे गिबोनकर लग्नपत्रिका घेऊन येतात. २०२५ सालीं हिंगोली जिल्ह्यांत एका सरकारी नोकरानें व्हॉट्सॲपवर आलेली अशी पत्रिका उघडली, आणि त्याच्या खात्यांतून सुमारें १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती. फोनचा ताबा घेणारी एपीके जातीची फाईल होती. वृद्ध इसहाकाला आवाज याकोबाचा व हात एसावाचे वाटले, आणि संशय आला असतांही तो हातांवर विसंबला. आतां तर यंत्राच्या साहाय्यानें आवाजही हुबेहूब करितां येतो. मुलाच्या आवाजांत कोणी पैसे मागूं लागल्यास फोन ठेवावा व मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. कोणी पोलिसाच्या गणवेषांत पडद्यावर येऊन "तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशीं बोलूं नका" असें दरडावतात. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. आणि "कोणाशीं बोलूं नका" हे शब्दच चोराची खूण होत. कारण प्रामाणिक राजसत्तेला तुम्हीं आपल्या पाळकाशीं किंवा शेजाऱ्याशीं बोलण्याची भीति नसते.

अंगठ्याविषयीं एक शब्द लिहिणें जरूर आहे. सावकाराच्या कागदावर काय लिहिलें आहे हें न वाचतां आमच्या पूर्वजांनीं निशाण्या केल्या, आणि जमिनी गमावल्या. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, तेव्हां शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः त्या कागदांवरच होता. १८७९ च्या कायद्यानें मग असे दस्तऐवज सरकारी नोंदणी करणाऱ्यापुढें व्हावे असें ठरलें. दीडशें वर्षांनंतर आपण शिकलेले लोक फोनवरील "मान्य आहे" हें बटण न वाचतां दाबतों, आणि गांवांतील फिरत्या यंत्रावर कितीदां अंगठा लावला व पावती कितीची मिळाली हें पाहत नाहीं. बोटांच्या ठशांना आधार प्राधिकरणाच्या सोयीनें कुलूप घालतां येतें, व ज्यावर शेवटचे चारच अंक दिसतात अशी आधारपत्राची नक्कलही मिळते. ज्या गांवीं कोणास हें येत असेल त्यानें उपासनेनंतर दहा मिनिटें बसून इतरांना शिकवावें. ही देखील सेवाच आहे.

आतां सर्वांत नाजूक गोष्ट. आपण ज्याला आपलें गुपित म्हणतों तें बहुधा एकट्या आपलें नसतें. शेजाऱ्यानें विश्वासानें ठेविलेली ती ठेव असते. प्रार्थनेची विनंती म्हणून एखाद्या बहिणीचा आजार, एखाद्या घरांतील दारूचें व्यसन, एखाद्या मुलीचें मोडलेलें लग्न गटांत लिहिलें जातें, आणि दोन तासांत तें तीन तालुक्यांत पोंचतें. लिहिणाऱ्याचा हेतु चांगला असेल. परंतु त्या मुलीला पुढें जें भोगावें लागतें तें त्याला भोगावें लागत नाहीं. तिच्यासाठीं प्रार्थना करण्यास देवाला तिचें नांव कळविण्याची गरज नाहीं. मरीयेविषयीं योसेफाला अजून खरी हकीकत कळली नव्हती, आपण फसविले गेलों असेंच त्याला वाटत होतें. तरी तिची बेअब्रू करण्याचें त्याच्या मनांत आलें नाहीं, आणि शास्त्र त्याला ह्याच प्रसंगीं नीतिमान म्हणतें. आपराध्याशीं सुद्धां आधीं एकांतांत बोलावें असा प्रभूचा नियम आहे. आपल्या मंडळ्यांनीं असा परिपाठ ठेवावा कीं, ज्याची गोष्ट त्याची परवानगी, व परवानगी नसल्यास मौन. मुलामुलींच्या छायाचित्रांसही हाच नियम लागू करावा. एखाद्या व्यक्तीच्या खाजगी अंगाचें चित्र तिच्या संमतीवांचून काढणें किंवा पसरविणें ह्यास माहिती तंत्रज्ञानाच्या कायद्याच्या ६६ ई कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा आहेत. असें चित्र आलें असतां तें पुढें धाडणारा हाम होय, आणि तें पुसून टाकून त्या मुलीच्या बाजूनें उभा राहणारा शेम होय.

कोणी म्हणेल, अशानें मुलें मोबाईल लपवून वाटेल तें करितील. ही भीति खरी आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील बान्सी गांवानें २०२२ सालीं अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईल बंदीचा ठराव केला. त्याच वर्षीं सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव येथें सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवण्याची चाल पडली. दुसऱ्या रीतींत मोठी माणसेंही नियमाखालीं येतात, म्हणून ती आम्हांस अधिक पसंत आहे. बापानें मुलाचा फोन चोरून पाहिल्यानें मुलगा चोरून वागावयास शिकतो. संकट आलें असतां मुलगी प्रथम आईकडे धांव घेईल इतका विश्वास घरांत असावा. लहान मुलांस ह्याहून भक्कम कुलूप आम्हांस ठाऊक नाहीं.

आणि जो फसला त्याचें काय? बहुतेक फसलेले लोक लाजेनें गप्प बसतात, कारण मंडळी हंसेल. वाटेंत लुटल्या गेलेल्या मनुष्याला चांगल्या शोमरोन्यानें "तूं ह्या वाटेनें एकटा कां आलास?" असें विचारल्याचें आम्हीं वाचलेलें नाहीं. त्यानें जखमा बांधल्या. आजची जखम बांधण्याची पहिली पट्टी म्हणजे १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करणें. जितक्या लवकर कळवावें तितका पैसा मध्येंच अडविला जाण्याचा संभव अधिक. फसलेल्याजवळ बसून तो फोन लावून देणें, दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर बँकेंत जाणें, आणि त्याची हकीकत त्याच्या परवानगीवांचून कोणास न सांगणें, हें मंडळीच्या वडिलांनीं आपलें कर्तव्य समजावें.

दार लावून घेण्यांत पाप नाहीं. दाराआड आपण काय करितों ह्याचा जाब मात्र देवाला द्यावा लागेल. प्रभु आपणांस शेजाऱ्यांच्या ठेवी राखणारे विश्वासू पहारेकरी करो.