लुटीसाठी टाकलेले रूळ कुणाचे?

एखादी गोष्ट आपल्याला लुटण्यासाठी बांधली गेली आणि पुढे कित्येक पिढ्या आपल्याच उपयोगी पडली, तर तिला काय म्हणायचं? वारसा की व्रण? अचलपूरच्या स्टेशनवर गेलं की मला हा प्रश्न पडतो.

अचलपूर एकेकाळी वऱ्हाडची राजधानी होतं. पण मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग त्याच्या बराच दक्षिणेकडून, मूर्तिजापूरवरून गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने मूर्तिजापूरहून दोन फाटे काढले, एक यवतमाळला आणि एक अचलपूरला. रूळ अडीच फुटी, नॅरोगेज. हेतू उघड होता: वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणायचा, तिथून मुंबई बंदरात आणि पुढे मँचेस्टरला. या रुळांवर 1994 पर्यंत धावलेलं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं.

लोकांनी मात्र या गाडीला 'शकुंतला' म्हटलं. अचलपूरपर्यंतच्या 76 किलोमीटरला तिला चारेक तास लागायचे. कापूस पुढे ट्रकने जाऊ लागला आणि गाडीत उरली माणसं: दर्यापूर-अंजनगावच्या बाजाराला निघालेली, मजुरीला जाणारी, एसटीचं तिकीट परवडत नाही म्हणून हिची वाट बघणारी. कंपनीच्या हिशेबात ही माणसं मुख्य नव्हतीच.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतं, 'काही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली.' दुसरं म्हणतं, 'गुलामीची खूण आहे, उखडून टाका.' ही दोन्ही उत्तरं फक्त बांधणाऱ्याकडे बघतात. एकाला त्याचे आभार मानायचे आहेत, दुसऱ्याला त्याचा सूड घ्यायचा आहे. वापरणारा दोघांच्याही खिजगणतीत नाही.

मला वाटतं, वस्तूचा हेतू बांधणारा ठरवतो, पण तिचा अर्थ वापरणारा ठरवतो. अर्थात, वापराने लूट धुऊन निघत नाही. गरिबाला स्वस्त तिकीट मिळालं म्हणून कापसाचा जुना हिशेब चुकता होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवणं हेच खरं अवघड काम आहे.

याच गावात लुटीला आणखी एक उत्तर दिलं गेलं. विदर्भ मिल उभी राहिली आणि बाहेर जाणाऱ्या कापसातला काही गावातच थांबून त्याचं सूत, कापड होऊ लागलं. गावाचा दिवस मिलच्या पाळ्यांवर चालू लागला. ती बंद पडल्यावर पुढे मुंबईच्या फिनले मिलचं नाव घेऊन इथे नवी गिरणी आली. 2020 च्या टाळेबंदीत तीही थांबली. शकुंतलाही त्याच्या आधीच थांबली होती.

आता आपली गंमत बघा. गाडी बंद झाली आणि तिचे फोटो सुंदर दिसू लागले. रुळांवर वाढलेलं गवत, गंजलेली पाटी, मागे एखादं जुनं गाणं लावलं की झाली रील. मलाही ते दृश्य आवडतं. पण संथ गाडी सुंदर वाटते ती ज्याला वेळेवर पोचायचं नसतं त्याला. इथले लोक कित्येक वर्षं ब्रॉडगेज मागताहेत. जुने रूळ जातील म्हणून हळहळण्याचा अधिकार मला आहे, पण त्यांची मागणी अडवण्याचा नाही.

मग जतन काय करायचं? इंजिन ठेवा, स्टेशनची इमारत जपा, पाटीवर कापूस कुठे जात होता तेही स्पष्ट लिहा. गाडीत कोण बसायचं आणि मिलमध्ये कोण राबायचं, तेही लिहा. पण इंजिन बागेत ठेवलं, रंगवलं आणि गावाला गाडी मिळालीच नाही, तर ते जतन नव्हे. निदान कापूस नेणाऱ्यांनी रूळ तरी मागे ठेवले होते.