वाढीव वेगाचा कर्ता

एखादे मोठे कार्य सिद्धीस गेले म्हणजे त्याचे कर्तृत्व कोणाच्या खाती जमा करावे, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतनात फार पुरातन आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात याविषयी जो निर्णय आला आहे त्याचा आशय असा, की कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे लागतात: कर्माचा आधार असलेले अधिष्ठान, कर्ता, त्याची निरनिराळी साधने, विविध व्यापार आणि पाचवे दैव, आणि हे पाचही डोळ्यांपुढे असता जो केवळ आपल्यालाच कर्ता मानतो, त्याला वस्तुस्थितीचे दर्शन झालेलेच नाही. हा विचार बहुधा विनयाचा उपदेश म्हणून सांगितला जातो. माझ्या मते ते कर्माच्या स्वरूपाचे यथातथ्य वर्णन आहे, आणि त्याचा पडताळा ज्या ठिकाणी अत्यंत स्वच्छपणे घेता येतो असे एक स्थळ म्हणजे संगणकाचा प्रोसेसर होय.

प्रोसेसरच्या क्लॉकचा वेग वाढविणे म्हणजे केवळ स्पंदनांची संख्या वाढविणे नव्हे. ट्रान्झिस्टरांनी अधिक त्वरेने उघडमीट करावी यासाठी त्यांना अधिक व्होल्टेज पुरवावे लागते, आणि विजेचा व्यय वेगाच्या प्रमाणात तर वाढतोच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेगातील अल्पशा लाभासाठी उष्णतेच्या रूपाने भारी किंमत मोजावी लागते. 2004 साली इंटेल कंपनीला आपला चार गिगाहर्ट्झचा पेन्टियम 4 बाजारात आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला, त्यामागे मुख्यत्वे हीच अडचण होती. त्यानंतर एकाच कोअरला, म्हणजे आज्ञा पार पाडणाऱ्या गाभ्याला, पळविण्याऐवजी एका चिपवर अनेक कोअर बसविण्याची रीत रूढ झाली. परंतु जगातील पुष्कळशी कामे एकामागून एक अशाच क्रमाने करण्याजोगी असतात. ती चौघांत वाटता येत नाहीत, आणि मग एक कोअर राबत असता उरलेले तीन रिकामे राहतात.

या रिकामेपणाचा उपयोग करून घेण्याची युक्ती नोव्हेंबर 2008 मध्ये इंटेलच्या पहिल्या कोअर आय-7 प्रोसेसरांबरोबर 'टर्बो बूस्ट' या नावाने आली. त्यांपैकी 920 या प्रोसेसरचा मूळ वेग 2.66 गिगाहर्ट्झ, म्हणजे 133 मेगाहर्ट्झची मूळ स्पंदने वीसपट केलेली. वीज, विद्युत्प्रवाह आणि तापमान या तिन्ही बाबी मर्यादेत असतील तर हा गुणक विसावरून एकवीस होई. आणि एकच कोअर जागा असेल तर तो बावीसपर्यंत जाऊन वेग 2.93 गिगाहर्ट्झवर पोचे. यासाठी इतर कोअर नुसते बिनकामाचे असून भागत नसे. ऑपरेटिंग सिस्टिमने त्यांना थांबण्याची आज्ञा द्यावी आणि त्यांनी गाढ निद्रेत जावे, हे आवश्यक असे. त्या निद्रेच्या सर्वांत खोल पायरीवर त्यांची चालू अवस्था सुरक्षित ठेवून त्यांचा वीजपुरवठा जवळजवळ संपूर्ण तोडला जाई. अर्धवट जागा असलेला कोअर हिशेबात जागाच धरला जाई. हा सारा जमाखर्च पाहणारा एक स्वतंत्र नियंत्रक त्याच चिपवर नेमलेला असतो. किती कोअर निजले आहेत, किती वीज खर्ची पडत आहे आणि उष्णता कोठवर चढली आहे याची तो सतत नोंद ठेवतो, आणि 130 वॉटच्या नेमलेल्या मर्यादेत जी शिल्लक उरेल तीतून जाग्या कोअरला वेगाची वाढीव मंजुरी देतो.

येथे मंजुरी हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. ऑपरेटिंग सिस्टिम सर्वोच्च वेगाची दरखास्त करते, हुकूम देत नाही. त्या दरखास्तीवर किती पदरात पडेल हे नियंत्रक ठरवितो, आणि प्रत्यक्षात किती पडले हे आगाऊ कळण्याची सोय नाही. ते मागाहून दोन गणकांवरून काढावे लागते: एक गणक ठरीव गतीने मोजत असतो, दुसरा कोअरच्या खऱ्या गतीने, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून सरलेल्या काळात सरासरी वेग कोणता होता ते समजते. मागणी आपल्या हाती आणि प्राप्ती अनेकांच्या हाती, हा फलाविषयीचा सिद्धांत इतक्या उघडपणे यंत्राच्या रचनेतच कोरलेला पाहून मला तरी मोठे समाधान वाटते.

2011 च्या प्रारंभी आलेल्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत या व्यवस्थेला काळाचे परिमाण लाभले. जाड बुडाचे पातेले चुलीवर ठेवल्याबरोबर तापत नाही, त्याप्रमाणे प्रोसेसरवर बसविलेला धातूचा उष्णताशोषकही तापावयास काही अवधी घेतो. तेव्हा प्रोसेसर काही काळ स्वस्थ राहून थंड झालेला असेल तर पुढील काही सेकंद त्याला नेमलेल्या मर्यादेच्याही वर वीज खर्चू द्यावी, असे ठरले. ती मुदत संपली की वेग मुकाट्याने खाली येतो. म्हणजे या क्षणीच्या पराक्रमात शेजाऱ्यांच्या निद्रेइतकाच मागच्या क्षणीच्या विश्रांतीचाही वाटा आहे. खोलीतील हवा थंड आहे की उष्ण, पंख्यावर धूळ साचली आहे की नाही, एकाच साच्यातील दोन चिपांपैकी कोणती अधिक निर्दोष निपजली, या गोष्टी तर काम करणाऱ्या कोअरच्या पूर्णपणे आवाक्याबाहेरच्या. गीतेने पाचवे स्थान दैवाला दिले आहे ते अशाच गोष्टींसाठी, असे मी समजतो. त्यात गूढ असे काही नाही, आपल्या हाती नसलेले जे जे कारण त्याचेच ते नाव आहे.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. प्रोसेसरला अहंकार नाही. निजलेल्या कोअरने जाग्यासाठी काही त्याग केला असेही नाही, त्याला काम नव्हते म्हणून तो निजला. मग अशा जड व्यवहारावरून माणसाच्या कर्तृत्वाविषयी काय अनुमान करावयाचे? त्यागाविषयी काहीच करता येणार नाही, हे मी मान्य करतो. निवृत्तीचे माहात्म्य येथून सिद्ध करू पाहणारा फसेल. परंतु प्रश्न हेतूचा नसून कारणतेचा आहे. ज्याने काही केले नाही त्याचे न करणेही घडलेल्या कर्माच्या कारणांत मोजावे लागते, मग त्याच्या मनात काहीही असो वा नसो. आणि जड यंत्रात अहंकाराची भेसळ नसल्यामुळेच कारणांचा हा तपशील तेथे अधिक निर्मळपणे वाचता येतो.

याच्या उलट टोकाला जाऊन कर्ता म्हणजे काहीच नव्हे असे म्हणणाराही चुकतो. जे काम घडोघडी मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहत थांबते, त्याला वाढीव वेग दिला तरी लाभ थोडाच होतो. तीन कोअर निजलेले, हवा थंड, मंजुरी पूर्ण, आणि तरीही काम फारसे पुढे सरकत नाही. वेगाचे चीज व्हावयाचे तर कामाचे स्वतःचे अंगही तसे असावे लागते. पाचांच्या यादीत कर्त्याचे नाव आहे, हे विसरून चालावयाचे नाही.

आता हाच हिशेब माणसाच्या एका मोठ्या कार्याला लावून पाहू. लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिले, आणि ते 1915 साली प्रसिद्ध झाले. पंधरा प्रकरणांचा तो प्रचंड ग्रंथ इतक्या अल्पावधीत लिहून झाला, ही गोष्ट टिळकांच्या प्रज्ञेचा आणि व्यासंगाचा पुरावा म्हणून सांगितली जाते, आणि ती सर्वस्वी यथार्थ आहे. पण ज्या माणसाचा दिवस एरवी 'केसरी'चे लेखन, सभा, खटले आणि भेटीस येणारी माणसे यांत वाटला जात असे, त्याच्या आयुष्यातील ही सारी दालने सरकारी शिक्षेने एकदम बंद केली होती. पुण्याहून ग्रंथ मागविण्याची परवानगी होती. आणि त्यांचे अन्न शिजविण्यासाठी एक मराठी कैदी तैनातीस दिलेला होता. शिक्षा देणाऱ्याचा हेतू ग्रंथ व्हावा असा खचितच नव्हता, आणि चुलीपाशी बसलेल्या त्या कैद्याला कर्मयोगाची मीमांसा कितपत उमगत होती याचा येथे संबंध नाही. 'गीतारहस्या'च्या कर्तेपणात या दोघांचा, म्हणजे त्या स्वयंपाक्याचा आणि त्या सक्तीच्या एकांताचा, वाटा धरावा काय? माझ्या मते तो धरलाच पाहिजे, आणि तो धरल्याने टिळकांचा वाटा रतिभरही उणा होत नाही. कारण तीच चूल, तोच एकांत आणि तीच पुस्तके दुसऱ्या कोणा बंदिवानाच्या वाट्याला आली असती, तर त्यांतून 'गीतारहस्य' निघाले नसते.