सव्वादोन मीटरचा देवगिरी

दौलताबादच्या किल्ल्याचा डोंगर पायथ्यापासून साधारण २०० मीटर उंच आहे. मॉडेल रेल्वेत जगभर सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, १:८७. खऱ्या ८७ मीटरचा तिथे एक मीटर होतो. २०० ला ८७ ने भागलं की २.३ मीटर येतात. माझ्या टेबलाची उंची चार फूट, खोलीची दहा. म्हणजे मापाशी इमान राखायचं तर यादवांचा किल्ला आमच्या स्लॅबमधून वर गच्चीत निघणार, थेट आईच्या वाळवणात.

आडव्या मापाचं तर बोलायलाच नको. स्टेशन आणि किल्ला यांच्यात समजा तीन किलोमीटर धरले, तर टेबलावर त्याचे ३४ मीटर होतात. माझ्याकडे रुळांच्या मागे जागा आहे सव्वा फूट. त्यामागे भिंत.

किल्ला वगळता आला असता, पण मग ते दौलताबाद राहत नाही. आमच्या खुलताबादला रेल्वे नाही. घाट उतरून दौलताबादला गेलं की रूळ दिसतात, आणि मागे तो डोंगर. मनमाडहून निजामाच्या मुलुखात जाणारी ही लाइन १९०० मध्ये सुरू झाली, तेव्हा ती मीटर गेज होती. मला त्या काळातलं स्टेशन करायचं होतं: एक फलाट, एक कौलारू खोली, पाण्याची टाकी, कडुनिंब, आणि मागे किल्ला. मागचा किल्ला काढला तर उरतं ते कुठलंही स्टेशन.

तेव्हा खोटं बोलायचं हे नक्की होतं. कसं बोलायचं एवढंच ठरायचं होतं, आणि त्यातच मी गेले चार महिने अडकलो आहे. दिवसा घरूनच ऑफिसचं काम, रात्री टेबल.

या कामाला शास्त्र आहे आणि ते मजेदार आहे. आपल्याला खोली दोन डोळ्यांमुळे कळते असं शाळेत शिकवतात. ते खरं आहे, पण मुख्यतः जवळच्या वस्तूंसाठी. लांबच्या डोंगराकडे बघताना डाव्या आणि उजव्या डोळ्याला दिसणाऱ्या चित्रांत फरकच उरत नाही. तिथे मेंदू दुसऱ्या खुणांवर चालतो: कोण कोणाला झाकतंय, काय लहान दिसतंय, कशाचा पोत हरवलाय, कशाचा रंग हवेने खाल्लाय. थोडक्यात, लांबचं जग आपण तसंही चित्रासारखंच बघतो. म्हैसमाळच्या कड्यावरून खालचा मुलूख बघा, शेवटच्या दोन रांगा पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या दिसतात. चित्रकाराचं काम यामुळे सोपं होतं: मेंदू ज्या खुणा शोधतो, त्या त्याला द्यायच्या.

अडचण अशी, की माझा पडदा तीन किलोमीटरवर नाही, हातभर अंतरावर आहे. एवढ्या जवळ दोन्ही डोळे नीट काम करतात आणि लगेच चुगली करतात की ही भिंत आहे. म्हणून मॉडेलवाले शंभर युक्त्या करतात. पडद्यावरचं क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचं. खोलीचा कोपरा काटकोनात सोडायचा नाही, पत्रा किंवा पातळ प्लाय वाकवून गोल फिरवायचा. पुढची घरं १:८७ ची, मागची १:१६० ची. अगदी मागची घरं तर नुसती बोटभर जाडीची, पुढचा दर्शनी भाग तेवढा, आत काही नाही. आणि जिथे टेबल संपून चित्र सुरू होतं ती फट झुडुपं, कुंपण किंवा मातीच्या उंचवट्याआड लपवायची. सगळ्यात वाईट म्हणजे सावली. पुढच्या झाडाची सावली मागच्या आकाशावर पडली की संपलं. आकाशावर सावली पडत नाही, हे कुणी न शिकवताही सगळ्यांना ठाऊक असतं.

कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचा माणूस या कलेतला उस्ताद होता. त्याने घरात उभ्या केलेल्या रेल्वेत आरसे असे बसवले होते की रस्ते आणि इमारती आहेत त्याच्या दुप्पट लांब वाटायच्या. १९७३ मध्ये तो गेला आणि काही दिवसांतच त्याची रेल्वे आगीत जळाली. आता उरलेत फोटो. गंमत म्हणजे असल्या रेल्वे फोटोतच जास्त खऱ्या वाटतात. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो. तुमच्या हातातल्या फोनच्या मागे तीन-चार लेन्स असतील, पण फोटो बघताना तुमच्या दोन्ही डोळ्यांना एकच सपाट चित्र मिळतं आणि चुगली करणारं कोणी उरत नाही. आपण सगळे दिवसाचे कितीतरी तास एका डोळ्याने जग बघतो, असं मला हल्ली वाटतं. पण त्याकडे नंतर येतो.

पडदा रंगवायला मी गावातल्या एका पेंटरचाचांना बोलावलं. एकेकाळी गावातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, मग फ्लेक्स आला. उरुसाच्या जत्रेत फोटोवाल्यांचे पडदेही त्यांनी रंगवलेत. ताजमहाल, धबधबा, विमान. ते खोलीत आले, टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “पहले ये बता, देखनेवाला खडा कहाँ रहेगा?”

मी म्हटलं, कुठेही.

“कहीं भी नहीं होता, बेटा.”

चाचांचं बरोबर होतं. रंगवलेला रस्ता मागे जाताना अरुंद होत जातो, तो एकाच जागेवरून सरळ मागे जातो. दोन पावलं उजवीकडे सरका, तो मोडक्या बोटासारखा दिसतो. इटलीत सोळाव्या-सतराव्या शतकात दरबारी नाटकांचे देखावे राजाच्या आसनावरून अचूक दिसतील असे आखत. बाकीच्यांना थोडं थोडं वाकडं दिसायचं, आणि किती वाकडं दिसतंय त्यावरून तुमचा दरबारातला हुद्दा कळायचा. आपल्याकडे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवत. बाबूरावांनी पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा काढला. सिनेमाने हा प्रश्न एका फटक्यात सोडवला: कॅमेरा जिथे उभा, तिथेच सगळे प्रेक्षक उभे. याच्या उलट अजिंठा. तिथल्या चित्रांत मंडप एका कोनातून, माणसं दुसऱ्या, झाडं तिसऱ्याच. तुम्हाला एका जागी खिळवून ठेवण्यात त्या चित्रकारांना रस नव्हता, तुमची नजर भिंतीवरून चालत राहावी अशी ती रचना आहे.

आता माझा मूळ प्रश्न. खोलीचा भास निर्माण करणं हे फसवणं आहे का? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे, छे, बघणाऱ्याला माहीत असतं. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे दिवे मंद होऊन त्या इवल्याशा गावात रात्र होते तेव्हा कुणी घड्याळ बघत नाही. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. जादूगाराच्या प्रेक्षकालाही माहीत असतं आणि तीन पत्ती लावणाऱ्याच्या गिऱ्हाइकालाही कुठेतरी माहीत असतंच. दोघांत फरक आहे तो पुढे काय होतं याचा.

बीबी का मकबरा घ्या. दख्खनचा ताज म्हणून त्याची थट्टा होते. खालचा पट्टा संगमरवराचा, घुमट संगमरवराचा, मधल्या भिंतींवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. लांबून सगळं एकच पांढरं दिसतं. पण जवळ जा, संगमरवर कुठे संपतो ती रेघ उघडी आहे. शाळेच्या सहलीत प्रत्येक पोरगं तिथे बोट लावून बघतं. तो गिलावा मला कधीच खोटारडा वाटला नाही. लांबून ताज, जवळून हिशेब. दोन्ही बघायची मुभा आहे आणि त्यासाठी जादा तिकीट नाही.

इथवर आलो तेव्हा मला वाटलं, नियम सापडला: कडा दिसत असेल तर भास प्रामाणिक. मग ऑफिसचं काम समोर आलं आणि नियम डळमळला.

आमची टीम एका क्लायंटसाठी बुकिंगचं ॲप करते. स्क्रीनवर आम्ही दिवसभर खोटी खोली रंगवतो. बटणाखाली सावली टाकतो म्हणजे ते उचललेलं वाटतं. स्क्रोल करताना मागचं चित्र पुढच्यापेक्षा हळू सरकवतो, म्हणजे ते लांब वाटतं. खरी कामाची गती कशीही असो, प्रोग्रेस बार एकसारखा पुढे सरकत राहील असं बघतो, कारण अडकलेला बार बघून माणसं वैतागतात. यातलं काहीच मला खुपत नाही. मग महिन्यापूर्वी टास्क आलं: पेमेंटच्या पानावर दहा मिनिटांचा उलटा टायमर. दहा मिनिटं संपल्यावर काय होईल, असं मी विचारलं. उत्तर आलं, काही नाही, पुन्हा दहापासून सुरू. आणि खाली बारीक अक्षरांत लिहू की वेळ अंदाजे आहे.

म्हणजे कडा होती. बारीक अक्षरांत, पण होती. गिलाव्यावरची रेघ आणि ही ओळ यांत मग फरक काय? मी दोन रात्री पडद्याचं काम सोडून हेच चघळत बसलो. मला जो फरक दिसतो तो असा. मकबऱ्याची रेघ बघायला तुम्ही हवं तेवढं हिंडू शकता. टायमर मुळात तुम्ही हिंडू नये म्हणूनच लावलेला असतो. तो तुम्हाला एका जागी उभं करतो, तिथून जागा संपताना दिसतात, आणि हलायच्या आत तुम्ही पैसे भरून मोकळे होता. माझ्या पडद्यावरच्या रस्त्यावरून कुणी गाडी नेणार नाही. त्या टायमरवर विसंबून कुणीतरी पगाराच्या आधीच्या आठवड्यात कार्ड काढणार आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांची यादी काढून त्यांना मनाई केली, त्यात खोटी घाई हा एक आहे. मी ती यादी टास्कखाली चिकटवली आणि हा टायमर मी लिहिणार नाही असं कळवलं. अजून चर्चा चालू आहे. माझ्याऐवजी दुसरं कुणी अर्ध्या तासात तो लिहू शकतं, हे मलाही कळतं.

आणि आता त्या एका डोळ्याबद्दल. मी खुलताबादचा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या चेहऱ्यावर एकच चित्र उमटतं, फोनवर बघितलेलं. एक कबर, ड्रोनमधून, मागे संगीत. त्याच्यासाठी आमचं अख्खं गाव त्या एका फ्रेमचा मागचा पडदा आहे, फिकट आणि सपाट. पडद्याचा नियमच आहे की मागच्या माणसांना चेहरे द्यायचे नाहीत, नाहीतर नजर गाडीवरून हटते. टेबलावर हा नियम मी रोज पाळतो. पण इथे मलिक अंबर आहे, ज्याच्या नहरींचं पाणी शहराने पिढ्यान् पिढ्या प्यायलं. बुऱ्हाणुद्दीन गरीब आहेत, पहिला निजाम आहे. झोपलेल्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी रात्रभर चालत येणारी माणसं आहेत, जर जरी जर बक्ष यांच्या उरुसात पाळण्यात बसणारी पोरं आहेत, आणि अर्धा वेळ ती तीच पोरं असतात. जुने लोक अजून गावाला रौजा म्हणतात. हे काही लपवलेलं नाही. दोन पावलं सरकलं की दिसतं. फक्त रीलमध्ये सरकायला जागा नसते, आणि ती बघून माणसं चिडतात, मतं बनवतात, कधी रस्त्यावरही उतरतात. लाइक मिळतो रील करणाऱ्याला. त्या दिवशी दुकान बंद ठेवावं लागतं इथल्या माणसाला.

माझ्या टेबलावर मात्र देवगिरी झाला आहे. चाचांनी तो एक फूट उंच काढला, मापाच्या सातवा हिस्सासुद्धा नाही. खालचा भाग त्यांनी जवळजवळ पांढऱ्यात विरवला. मी विचारलं, आकाश खाली एवढं फिकट का? म्हणाले, दुपारी गच्चीत जाऊन बघ. बघितलं, तसंच होतं. स्टेशनकडून किल्ल्याकडे जाणारा रस्ता पडद्यापाशी कडुनिंबामागे वळवून टाकला, म्हणजे तो कुठूनही मोडका दिसत नाही. एका गोष्टीवर आमचं एकमत होत नाही. डाव्या कोपऱ्यात प्लाय जिथे संपतो तिथे चाचांना लाकडी पट्टी मारून रंगवून टाकायची आहे. मला ती कड तशीच उघडी हवी आहे, तिथून डोकं आत घातलं की मागचे खिळे, चिकटपट्टी, वायरी आणि बोटभर जाडीचं कौलारू घर दिसतं. बहिणीची पोरं आली की सगळ्यात आधी तिथेच घुसतात. चाचा म्हणतात, मग एवढं रंगवलं कशाला. शुक्रवारी ते पट्टी घेऊन येणार आहेत.