चार्ज घ्यावा की नाही?

उपजिल्हा रुग्णालयातली ती एकटी भूलतज्ज्ञ. वैद्यकीय अधीक्षकपदाचा प्रभारी चार्ज आता तिच्याकडे येणार आहे. समोर तिथल्याच निवृत्त मेट्रन बसल्यात.

डॉक्टर : मॅडम, मी मीटिंगला जिल्ह्याला गेले आणि इकडे बाई अडली, तर भूल कोण देणार? थेट रेफर. रस्त्यात काही झालं तर ते माझ्या माथी.

मेट्रन : खरंय. पण लावणीच्या दिवसांतली गोष्ट घ्या. रात्री घोणस चावलेला माणूस येतो. काचेच्या नळीतलं रक्त 20 मिनिटांनी तिरकं करून बघावं, तर पाण्यासारखं वाहतं. सुरुवातीलाच एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहाएक व्हायल लागतात, आणि फ्रीजमध्ये आहेत वीस.

डॉक्टर : लागल्या तर वीसही देईन. माणूस समोर मरत असताना मी साठा मोजत बसणार नाही.

मेट्रन : मोजूच नका. पण पहाटे दुसरा आला, तर त्याच्या व्हायल कुणीतरी मे महिन्यातच मागवायला हव्या होत्या ना? ती नळी ज्यानं हातात धरलीय, त्यालाच मे महिन्यात त्या दुसऱ्याची आठवण होते.

डॉक्टर : पण डॉक्टर म्हणून मी समोरच्या पेशंटला बांधलेली आहे. अजून न आलेल्यासाठी त्याला सोडायचं?

हा खरा पेच आहे. न आलेल्या पेशंटला नातेवाईक नसतात, त्याच्या वतीनं कुणी भांडत नाही.

मेट्रन : भंडाऱ्याला 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. ती काही औषध चुकल्यानं गेली नाहीत.

डॉक्टर : वायरिंग बघायला भूलतज्ज्ञ कशाला? मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासन शिकवतात. तसा माणूस नेमा.

मेट्रन : नेमाच. पण प्रसूतीकक्षात रात्री एकच सिस्टर ठेवली की काय होतं, हे त्याला कोण सांगणार? ड्यूटी लावताना मी तिथली सिस्टर कधी हलवली नाही, कारण तिथे मी एकटीनं रात्री काढल्या होत्या. एक मात्र कबूल करते, ऑफिसात बसून माझा शीर शोधायचा हात गेला.

डॉक्टर : तीच तर भीती! आणि अधिकार कुठे आहेत? ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्यावर खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. पदं भरायची मंत्रालयानं, जाब द्यायचा खुर्चीतल्या डॉक्टरनं.

इथे मी पूर्णपणे डॉक्टरांच्या बाजूनं आहे. अधिकाराशिवाय दिलेली खुर्ची ही शिक्षाच असते, आणि चांगले डॉक्टर तिच्यापासून लांब पळतात त्यात त्यांचा दोष नाही.

मेट्रन : मग नाही म्हणणार?

डॉक्टर : नाही म्हणणार नाही. सिव्हिल सर्जनना पत्र लिहिते. माझ्या मीटिंगच्या दिवशी बाहेरचा भूलतज्ज्ञ ऑन-कॉल हवा, त्याचं मानधन आधी मंजूर हवं. कागदपत्रांना पूर्णवेळ माणूस हवा. आणि थिएटर मी सोडणार नाही.

मेट्रन : अशा अटींवर कुणी चार्ज देत नाही हो.

डॉक्टर : मग त्यांनी लेखी नकार द्यावा. उद्या बाई रस्त्यात गेली, तर भूलतज्ज्ञ का नव्हता, हे निदान कागदावर राहील.